डब्यात तुम्ही कोण असता?

मंगळवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. विद्यापीठाचं संगणक केंद्र, पहिला मजला, खोली क्रमांक चौदा. टेबलं सहा, खुर्च्या पाच, खिडकी एकही नाही. एवढं बारीक का सांगते, तर पुढे हे लोक म्हणणार की बाई उशिरा आल्या, घाईत होत्या, म्हणून घोळ झाला. नाही. नऊ दहा. लिहून ठेवलंय मी. वेळेसकट.

तुम्हाला सांगते, एकतीस वर्षं बातमीदारी केली, मोठमोठ्या लोकांनी माझ्यावर फोन आपटले, एका कंत्राटदाराने अंगावर कुत्रं सोडलं, ते कुत्रं पण शेवटी माझ्याच बाजूने झालं... पण एका कुलूपबंद खोलीतल्या मशीनने 'तुम्ही कोण' विचारावं, मी सांगावं, आणि त्याने 'नाही, त्या तुम्ही नव्हेत' म्हणावं, हे या वयात नवीन होतं. आणि हे झालं मशीनचं. त्याच्या माणसाबद्दल मी अजून तोंड उघडलेलं नाही. उघडते. सगळ्यांचा नंबर लागेल.

पण आधी पंपवाले भाऊ. कारण हे सगळं त्यांच्यासाठी.

गावच्या खालच्या बाजूच्या तीन गल्ल्यांमध्ये दोनशे माणसं आजारी पडली. नळाच्या पाण्यात क्लोरीनच नव्हतं. जलविभागाने सांगितलं, क्लोरीनचं यंत्र बंद पडलं होतं आणि पंपचालकाने ते कळवलंच नाही. मी छापलं. 'पंपचालकाची हलगर्जी दोनशे जणांना भोवली.' बातमी माझी, मथळाही माझाच, ढकलायला दुसरं कुणी नाही. तिसऱ्या दिवशी तेच पंपचालक, भाऊ, कार्यालयात आले. मला वाटलं भांडण होणार, मी बाह्या सरसावूनच बसले होते, भांडणात मी आजवर कुणाला ऐकलेली नाही. तर हा माणूस खुर्चीच्या कडेवर बसला, माझ्या बातमीचं कात्रण काढलं, घडी नीट उलगडून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला,

"ताई, मी रोज लिहीत होतो. 'यंत्र बंद, कळवले.' रोज."

बस. मी म्हटलं, पाणी घ्या. नको म्हणाले. बावीस वर्षं गावाला पाणी पाजलेला माणूस, आणि माझ्या टेबलावरचं पाणी त्याला नको झालं. आता यावर भांडणार कसं तुम्ही?

त्यांची सुनावणी शुक्रवारी सकाळी दहाला. नोकरी राहते की जाते, ते तिथे ठरणार. म्हणजे त्या नोंदी शुक्रवारच्या आत सापडायला हव्यात. मी विभागाकडे रीतसर नोंदवह्यांच्या प्रती मागितल्या. आणि दिल्या हो त्यांनी! नाही म्हणता येत नाही ना, मग बुडवून मारायचं. एकेचाळीस हजार पानं. चार पंपघरं, नऊ वर्षं, तिन्ही पाळ्या, सगळ्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्यांचे फोटो, आणि ते पत्त्यांसारखे पिसून. ना तारखेचा क्रम, ना पंपघराचा. देणारा कारकून वर हसून म्हणाला, "बघा, सगळं दिलंय." दुपारी तीन वाजून पाच मिनिटं. लिहून ठेवलंय मी. वेळेसकट.

हाताने लिहिलेलं वाचणारं सॉफ्टवेअर असतं. पण घरच्या संगणकाला एका पानाला एक मिनिट लागतं. करा गुणाकार. अठ्ठावीस दिवस, रात्रंदिवस. आणि हातात तीन.

इथे माझी धाकटी जाऊ येते. विद्यापीठात माशांच्या पेशींवर संशोधन करते. आमचं फार गूळपीठ आहे अशातला भाग नाही, लग्नात आलेला एक मिक्सर कुणाकडे राहायचा यावरून आमची बारा वर्षं बोलणी चालू आहेत... पण अक्कल तिला आहे, हे मी लेखी द्यायला तयार आहे. ती म्हणाली, आमच्या केंद्रात हजार संगणक एकत्र जोडलेलं मोठं मशीन आहे, सगळं विद्यापीठ वाटून वापरतं, तुमचं काम सात तासांत होईल, संपादकांचं पत्र तेवढं आणा. आणलं. मला खातं मिळालं. खात्याचं नाव 'पाहुणा सतरा'. एकतीस वर्षांची बातमीदारी, आणि पाहुणा सतरा. पाहुणी तरी म्हणा!

मग म्हणाली, सॉफ्टवेअर मी तुम्हाला कंटेनरमध्ये घालून देते. म्हटलं कंटेनर म्हणजे? म्हणाली, डबा समजा. काही बायका प्रवासाला निघताना उशी घेतात, चादर घेतात, साबण, कपडे वाळवायची दोरी, दोरीचे चिमटे, सगळं बरोबर, की पोहोचल्यावर कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, तसं त्या सॉफ्टवेअरला जे जे लागतं ते सगळं त्या एका डब्यात बंद. कुठेही न्या, उघडा, चालू. 'कुठेही' हा तिचा शब्द आहे बरं का, माझा नाही.

तर मंगळवार, नऊ दहा, डबा घेऊन मी हजर. आणि समोर हा माणूस. केंद्राचा व्यवस्थापक. सगळे त्याला पाठीमागे 'शिस्त' म्हणतात. बाराही महिने अंगात स्वेटर, कारण मशीनची खोली थंड ठेवावी लागते, आणि इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून बसून याचा आवाजही तसाच झालाय. प्रत्येक शब्द मोजून, मधे जागा सोडून. "हा... डबा... इथे... चालणार नाही." का? "हा... मालकी... मागतो." म्हणजे काय, तर घरच्या संगणकावर हा डबा उघडला की आत शिरणारा मालक होतो, सगळ्या किल्ल्या त्याच्या हातात. आणि इथे हजार जणांचं काम एका छपराखाली, इथे प्रत्येक पाहुण्याला मालक करून चालेल का? बरोबर आहे हो, मला पटतं. पण सांगायची पद्धत बघा. मला विचारतो,

"डब्यात तुम्ही कोण असता?"

मी म्हटलं, घरी? मालकीण.

"इथे नाही. इथे डब्याबाहेर जो, तोच डब्यात. बाहेर पाहुणा सतरा. आत पाहुणा सतरा."

अहो, मग आत जायचं तरी कशाला? माझ्या नवऱ्याने पण मला कधी इतक्या स्पष्टपणे माझी जागा दाखवलेली नाही, त्याची हिंमतच नाही. शेवटी त्याने तो डबा केंद्राला चालणाऱ्या साच्यात बसवून केंद्राच्या डब्यांच्या यादीत लावून दिला, दोन बोटांनी टाइप करत, अकरा मिनिटं. लिहून ठेवलंय मी. वेळेसकट.

आता मला सांगा, तुम्ही एका इमारतीत शिरलात. दाराशीच खोली आहे, टेबल आहे, खुर्ची आहे, दिवा चालू आहे. तुम्ही बसलात आणि कामाला लागलात. चूक तुमची, की खुर्ची मांडणाऱ्याची? मी तेच केलं. खात्यात शिरले, समोर जे मशीन आलं त्यावर एकेचाळीस हजार पानं सोडली. मला काय माहीत, ते दारातलं मशीन! तिथून फक्त आत यायचं, रांगेत नाव लावायचं आणि गप बसायचं, खरं काम मागे हजार संगणकांवर. झालं... सगळं विद्यापीठ दारात अडकलं. कॉरिडॉरमधून आवाज यायला लागले, भूकंपवाले, औषधवाले, ढगवाले, सगळे बाहेर. आणि एकशे तीस जणांच्या पडद्यावर एकच सूचना: 'पाहुणा सतरा यांनी प्रवेशद्वार अडवले आहे.' त्या एकशे तिसांत माझी जाऊ. तिने फोन केला नाही, नुसतं हसण्याचं चित्र पाठवलं. ते चित्रही मी जपून ठेवलंय, मिक्सरच्या वेळी काढीन.

खातं बंद. दुपारी दोनपर्यंत. आणि सुरू करायचं तर नियमांची पुस्तिका वाचायची, वीस प्रश्नांची परीक्षा द्यायची. शिस्त पाठीमागे हात बांधून उभा. मला वीसपैकी एकोणीस. तो म्हणाला, "विसावाही... महत्त्वाचा असतो." लिहून ठेवलंय मी. वेळेसकट.

अडीच वाजता रांगेत नाव लावलं, मशीन किती तास हवं तेही भरून. ही रांग म्हणजे काय प्रकार आहे, तर पडद्यावर यादी असते, कुणाचं काम चालू, कुणाचं थांबलेलं. कामांना लोक नावं तरी काय देतात! 'चाचणी'. 'चाचणी दोन'. 'शेवटचं'. 'शेवटचं खरंच'. त्यांच्या मागे माझं, 'पंपवाले भाऊ', पुढे लिहिलेलं, 'प्रतीक्षेत'. मंगळवार संपला, प्रतीक्षेत. बुधवारी सकाळी भाऊंचा फोन आला, काही विचारलं नाही, म्हणाले सहज केला. सहज कोण करतं हो, दोन दिवसांवर सुनावणी असताना? मी म्हटलं चालू आहे काम. खोटं बोलले. काम रांगेत होतं.

बुधवार, अकरा वीस. काम सुरू झालं! मी खुर्चीतून उठले. अकरा वीस आणि चार सेकंद, काम संपलं. मला वाटलं, काय वेग आहे! उघडून बघते तर एक ओळ: 'पानं सापडत नाहीत.' एकेचाळीस हजार पानं, शेजारच्या फोल्डरमध्ये, ढिगाने! गेले शिस्तकडे. तो म्हणतो, डब्याला बाहेरचं दिसत नाही, कुठलं फोल्डर दाखवायचं ते आधी सांगावं लागतं, मग आत तेवढी खिडकी उघडते. म्हटलं मला कुणी बोललं नाही. "पान... चौदा." पुस्तिकेचं पान चौदा! या खोलीचाही नंबर चौदा, खिडकी इथेही नाही, मग डब्याला कुठून असणार, हे मीच समजून घ्यायला हवं होतं, नाही का? खिडकी उघडली. पुन्हा रांगेच्या शेपटाला.

आणि आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जातंय. पण मी दुसऱ्यांची चूक वेळेसकट लिहिते, तर माझीही लिहिली पाहिजे.

खिडकी उघडून नव्याने नाव लावताना मला डबाही पुन्हा निवडायचा होता. जावेने बजावलं होतं, ताई, यादीत बरेच डबे आहेत, आकड्याचा घ्या, तीन-दोन लिहिलंय तो. मी यादी उघडली. तीन-दोन होता. आणि त्याच्या वर एक डबा, त्यावर चिठ्ठी: 'लेटेस्ट'.

आता तुम्हीच सांगा. एकतीस वर्षं वार्ताहर असलेली बाई काय करते? रोज सकाळी संपादक काय विचारतो? लेटेस्ट काय? समोर लेटेस्ट असताना मी तीन-दोन घेऊ? मी घेतला लेटेस्ट. वर स्वतःवर खूश. जावेला वाटत असेल हिला काही कळत नाही, दाखवते तिला.

गुरुवारी सकाळी सातला काम सुरू झालं, सव्वादोनला संपलं. चार सेकंदांत नाही, सात तासांत, अगदी व्यवस्थित. निकाल उघडला. पहिलं पान: 'चित्र'. दुसरं पान: 'चित्र'. एकेचाळीस हजार पानं वाचली त्याने, आणि प्रत्येक पानाखाली प्रामाणिकपणे लिहिलं, 'चित्र'. तो डबा चार वर्षांपूर्वीचा होता. छापलेलं तेवढं त्याला कळायचं, हाताने लिहिलेलं दिसलं की तो म्हणायचा, चित्र. चार वर्षांपूर्वी कुणीतरी ती चिठ्ठी चिकटवली, पुढे नवे डबे आले, त्यांना आकडे मिळाले, आणि चिठ्ठी काढायला कुणी गेलंच नाही. मी जावेला फोन लावला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली,

"ताई, लेटेस्ट हे नाव आहे, वय नाही."

माझं चुकलं. दोन वाजून एकतीस मिनिटं. हेही लिहून ठेवलंय मी. पण ती चिठ्ठी कुणाची? केंद्राच्या सामायिक यादीतली! शिस्तच्या यादीतली! म्हणजे शिस्त फक्त पाहुण्यांसाठी का?

तीन-दोन घेऊन पुन्हा नाव लावलं. पडद्याने सांगितलं, काम सुरू होण्याची अंदाजे वेळ: शनिवार, संध्याकाळी सहा. शनिवार! भाऊंची नोकरी शुक्रवारी सकाळी दहाला जाणार आणि त्यांचं अक्षर वाचलं जाणार शनिवारी संध्याकाळी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेले त्याच्या केबिनमध्ये, दार न वाजवता. सगळं काढलं. तीन दिवसांचं. दार, परीक्षा, खिडकी, चिठ्ठी, सगळं वहीतून वाचून दाखवलं, तासामिनिटांनिशी, आणि म्हटलं, हे छापणार आहे मी, पहिल्या पानावर, तुमच्या स्वेटरच्या फोटोसकट. तो ऐकत होता. मी म्हटलं, माझं काम पुढे घ्या. म्हणाला, मशीनला ओळख कळत नाही. मी म्हटलं, एका माणसाची बावीस वर्षं चाललीत. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझं काम पडद्यावर उघडून बघितलं. आणि विचारलं,

"अठ्ठेचाळीस तास का मागितलेत?"

मी म्हटलं, असू देत हाताशी. जास्तीचे.

"म्हणून तर. एवढी मोठी मोकळी जागा मशीनला शनिवारीच मिळते. तुकडे करा. शंभर-शंभर पानांचे चारशे दहा, प्रत्येकाला फक्त दोन तास मागा. मोठ्या कामांच्या मधल्या फटीत आपोआप बसतात."

आपोआप! रांग मोडायची नाही, कुणाला मागे ढकलायचं नाही, फक्त थोडं मागायचं. मी विचारलं, हे मंगळवारी का नाही सांगितलंत? तर त्याचं उत्तर ऐका. "तुम्ही... विचारलं नाही." गुरुवार, तीन पन्नास. ही वेळ मी दोनदा अधोरेखित केली आहे.

तुकडे जावेने करून दिले, फोनवरून, मिक्सरचा म सुद्धा न काढता. पाचच्या आधी पहिला तुकडा फटीत शिरला. मग दुसरा. मग एकदम वीस. शुक्रवारी सकाळी नऊ वीसला आले तर चारशे दहापैकी चारशे सात पूर्ण. आणि 'यंत्र बंद' शोधलं... तीनशे अकरा. तीनशे अकरा वेळा भाऊंच्या हातची तीच ओळ, 'यंत्र बंद, कळवले'. छापायला घेतलं तर प्रिंटर म्हणतो, पाहुण्यांना पन्नासच पानं. शिस्त आला, स्वतःचं कार्ड प्रिंटरला लावलं, आणि पानं सरळ करत उभा राहिला. हे मी वहीत लिहिलेलं नाही. जागा नव्हती.

जलविभाग, दुसरा मजला, लिफ्ट बंद. मी जिने चढून पोहोचले तेव्हा दहा वाजून चार. आत भाऊ उभे, समोर चौकशी समितीचे तीन जण, भिंतीशी विभागाची नऊ माणसं. मला बोलायला परवानगी नव्हती. बोलायला मला, परवानगी नव्हती! मी गठ्ठा भाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, वरचं पान बघितलं, आणि म्हणाले,

"हे माझंच अक्षर."

अध्यक्षांनी चार पानं उलटली, दहा उलटली, चष्मा काढून पुसला, पुन्हा दहा उलटली. बडतर्फीचा कागद बाजूला गेला. सोमवारी भाऊ कामावर रुजू झाले.

मी खुलासा छापला. संपादक म्हणाले चौथ्या पानावर. मी म्हटलं, आरोप पहिल्यावर होता, आठ स्तंभी होता, खुलासाही आठ स्तंभी. छापला. आणि शिस्तवरचा लेख? तयार होता. दीड हजार शब्द, एकेक शब्द धार लावून. तर संपादकांनी पुस्तिकेचं पान तीस पुढे केलं: या मशीनच्या मदतीने जे काही छापाल, त्याखाली केंद्राचे आभार मानणं बंधनकारक आहे. तर बघा, माझ्या आठ स्तंभी खुलाशाच्या शेवटी, ठळक अक्षरात: 'संगणक केंद्राच्या व्यवस्थापकांच्या मार्गदर्शनाबद्दल लेखिका ऋणी आहे.' ऋणी! दीड हजार शब्द टेबलाच्या खणात पडलेत.

असो. भाऊ परवा येऊन गेले, पाणी प्यायले. दोन पेले.

एवढंच सांगायचं राहिलं. त्या प्रत्येक नोंदीखाली दुसऱ्या शाईत एक शब्द आहे, 'पाहिले', आणि त्याखाली एक फरपटलेली सही. तीनशे अकरा नोंदी, तीनशे अकरा सह्या, सगळ्या एकाच हाताच्या. अध्यक्षांनी त्या दिवशी विचारलं, ही सही कुणाची? भिंतीशी बसलेल्या नऊ जणांपैकी कुणी म्हणालं, ओळखू येत नाही, कुणी म्हणालं, जुनी दिसते. सॉफ्टवेअरला विचारलं, त्याने सांगितलं, 'चित्र नाही, अक्षर आहे, वाचता येत नाही.' मी विभागाला लेखी विचारलं, त्याला आज सत्तेचाळीस दिवस झाले. कुणीतरी ते तीनशे अकरा वेळा पाहिलेलं आहे. कुणी, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.